पुढे कोणी आहे, थांबा

१

माझं काम काय, हे सांगितलं की लोक हमखास दुसऱ्यांदा विचारतात, म्हणून हल्ली मी सगळं एकदमच सांगून मोकळी होते. कॉम्प्युटरवर खेळायच्या गोल्फच्या खेळात जी जमीन दिसते ना, ती मी बनवते. गवत, उतार, वाळूचे खड्डे, झाडांच्या सावल्या. खेळाशी माझा संबंध तेवढाच. खरी काठी मी आयुष्यात एकदाच हातात धरली. चेंडू जागेवर राहिला आणि माझी कंबर गेली.

या वर्षी आमच्या कंपनीने जगातले नावाजलेले होल जसेच्या तसे उभे करायचं ठरवलं. होल म्हणजे नुसतं भोक नव्हे. चेंडू पहिल्यांदा मारायच्या चौथऱ्यापासून झेंडा रोवलेल्या हिरवळीपर्यंतचा सगळा पट्टा. माझ्या वाट्याला आला तो 'आंधळा'. लोक त्याला याच नावाने ओळखतात. चौथऱ्यावर उभं राहिलं की समोर एक गवताळ टेकाड, टेकाडावर चुन्याने रंगवलेला एक दगड, आणि बास. झेंडा दिसत नाही, हिरवळ दिसत नाही. ती टेकाडापलीकडच्या खळग्यात आहे. पांढऱ्या दगडावर नेम धरायचा, फटका मारायचा आणि देवावर हवाला ठेवायचा.

पण पलीकडे आधीची माणसं अजून खेळत असली तर? चेंडू त्यांच्या टाळक्यात बसायचा. त्यासाठी तिथे एक घंटा आहे. खळग्याच्या कडेला लाकडी खांब, खांबावर पितळी घंटा, तिला दोरी. आपला खेळ आटोपला की निघताना दोरी ओढायची. घंटा ऐकू आली की मागच्यांनी समजायचं, पुढे कोणी नाही. घंटा वाजेपर्यंत मारायचं नाही, हा तिथला नियम.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. जमीन बनवताना सगळ्यात मोठी फसगत होते ती मापाची. पडद्यावरचं टेकाड गुडघ्याइतकं आहे की दोन मजली, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून आम्ही त्यात एक माणूस उभा करतो. राखाडी, चेहरा नसलेला, नुसता उंचीपुरता. माझा माणूस म्हणजे माझे वडील. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनाच घरातल्या बोळात उभं करून टेपने मापं घेतली होती. आई तेव्हा होती. "चोर पकडलाय की काय, एवढी झडती घेतेयस ती," म्हणून हसत होती. अप्पा बिचारे हात पसरून, चपला काढून, हलायचं नाही म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होते. सगळं झाल्यावर त्यांनी सवयीने हात पाठीमागे बांधले, आणि मी माझ्या राखाडी माणसालाही तसाच उभा केला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक जमिनीवर अप्पा असतात. ऑफिसात सगळेच त्याला अप्पा म्हणतात. खेळ बाहेर पाठवायच्या आधीचं शेवटचं काम म्हणजे अप्पांना काढणं. आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाने त्यांना पाहिलेलं नाही.

२

एका सकाळी फाइल उघडली तर अप्पा चौथऱ्यावर नव्हते.

टेकाडाच्या माथ्यावर होते, पांढऱ्या दगडाजवळ, माझ्याकडे पाठ करून. पलीकडे वाकून पाहत असल्यासारखे. खरं म्हणजे वाकलेले नव्हते. राखाडी माणसाला वाकता येत नाही, मी त्याला तसे सांधेच दिलेले नाहीत. पण पाठमोरा माणूस उताराच्या कडेला उभा असला की तो पलीकडे बघतोय असंच वाटतं.

मी शेजारच्या टेबलावर गेले. तिथे आमची आवाजवाली बसते. खेळातले सगळे आवाज ती करते. तिच्या टेबलाखाली रेतीच्या पिशव्या, जुने बूट, तुटक्या छत्र्या असा भंगारवाल्याला लाजवेल असा संसार आहे.

"माझ्या फाइलला हात लावलास?"

"तुझ्या फाइलला हात लावायला मला वेड लागलंय का? गेल्या वेळी एक झुडूप हललं तर आठवडाभर बोलत नव्हतीस."

"अप्पा हललेत."

"मग फिरायला गेले असतील. वय झालं की डॉक्टर सांगतातच."

मीही हसले. काम करता करता माझाच हात लागला असणार. माणूस काय काय विसरतो. मी अप्पांना उचलून चौथऱ्यावर आणलं आणि या वेळी कुलूप लावलं, म्हणजे ती वस्तू चुकून हलू नये अशी खूण केली. आणि कामाला लागले.

३

खरे अप्पा आमच्या घरी मागच्या खोलीत असतात. हिवाळ्यात त्यांच्या मेंदूतली एक बारीकशी नस दगा देऊन गेली. हातपाय बरे चालतात, पण मधूनच ते कुठेतरी निघून जातात, म्हणजे खुर्चीतच बसलेले असतात आणि नसतात. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे आणि तिच्यावर एक पाइप. दिवसभर त्यांची नजर त्या पाइपवर असते.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस भिडस्त. आपल्यामुळे कोणी खोळंबलं की त्यांना अपराध्यासारखं व्हायचं. अरुंद फुटपाथवर समोरून कोणी आलं की हे आधी रस्त्यात उतरायचे. जेवताना फोन आला तर उष्ट्या हाताने धावायचे. आई म्हणायची, "यांना यमानेसुद्धा हाक मारली तर हे 'आलो आलो' म्हणून जोडे घालायला लागतील."

माझा नवरा यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो, त्यामुळे घरीच असतो आणि अप्पांचं तोच बघतो. त्या संध्याकाळी मी चप्पल काढत होते तेवढ्यात मागून आवाज आला.

"वाजली का गं?"

"काय वाजली, अप्पा?"

"घंटा."

"दाराची? नाही. माझ्याकडे किल्ली होती."

"दाराची नव्हे," ते म्हणाले, आणि पुन्हा पाइपकडे पाहू लागले.

नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "दुपारपासून हेच चाललंय. मी आधी बेल तपासली, मग घड्याळ, मग फोन. तिन्ही व्यवस्थित आहेत."

"मी कधी त्यांना त्या घंटेचं सांगितलं होतं का रे? माझ्या कामातल्या?"

"सांगितलं असशील. जेवताना तू दुसरं काय बोलतेस?"

हे खरं होतं. सांगितलंच असेल. मला नीटसं आठवत मात्र नव्हतं.

४

आमच्या साहेबांना आम्ही मुदत म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य त्या शब्दाशी येऊन थांबतं. मंगळवारी मुदतसाहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"आंधळा खेळून बघणारी मंडळी म्हणतात, फटकाच मारता येत नाही. काय भानगड आहे?"

भानगड अशी होती. खेळात आम्ही खराच नियम ठेवला होता. तुमच्या पुढे कॉम्प्युटरची माणसं खेळत असतात; ती खळग्यातून बाहेर पडून घंटा वाजवेपर्यंत तुमची काठी हलत नाही आणि पडद्यावर अक्षरं येतात, "पुढे कोणी आहे, थांबा." मंडळींनी पुढची माणसं काढून टाकली होती. तरी अक्षरं जाईनात.

"पुढे कोण आहे?" मुदतसाहेबांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"मग हा कोणासाठी थांबलाय?"

मी आत शिरून पाहिलं. खळग्यात किती जण आहेत याची मोजदाद खेळ स्वतःच ठेवतो. तिथे एक जण होता. मी नजर टेकाडावरून पलीकडे नेली. मऊ हिरवा खळगा, झेंडा, घंटेचा खांब. चिटपाखरू नव्हतं. मग सहज म्हणून मागे वळून चौथऱ्याकडे पाहिलं, तर तोही रिकामा.

कुलूप लावलेले अप्पा तिथे नव्हते. फाइलमधल्या वस्तूंच्या यादीत त्यांचं नाव होतं, कुलूप तसंच होतं, आणि जागा लिहिली होती ती खळग्यातली.

"राखाडी माणूस जमिनीखाली गेला असेल," मी म्हणाले. आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. जमिनीत कुठेतरी बारीकशी फट राहते आणि वस्तू तिच्यातून खाली पडते.

"मग वर काढा. मुदत शुक्रवारची आहे."

मी यादीत नाव धरून त्यांना चौथऱ्यावर आणलं. आणलं म्हणजे आकडे बदलले, खूण केली. मान वळवून चहाचा घोट घेतला आणि परत पाहिलं तर आकडे पुन्हा खळग्यातले. आवाजवाली म्हणाली, जुनी फाइल पुन्हा पुन्हा वर येत असेल, तिच्याही बाबतीत एकदा झालं होतं, एक कुत्रा तीन दिवस भुंकत राहिला होता. मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं मला.

५

आमच्या जमिनीला जाडी नसते. वरून ती जमीन. खालून पाहिलं तर काहीच नाही. काचेच्या टेबलाखाली बसून वर बघावं तसे वरच्या वस्तूंचे तळ तेवढे दिसतात. फट शोधायची तर खालूनच शोधावी लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी खळग्याच्या खाली गेले.

ऑफिसात जेवणानंतरची सुस्ती होती. पंख्याचा आवाज, कोणाच्या तरी बोटांची टकटक. पडद्यावर झेंड्याच्या काठीचं टोक दिसलं. खांबाचं बूड दिसलं. आणि खांबाच्या शेजारी दोन चपलांचे तळवे.

मी माझ्या माणसाला चपला केलेल्याच नाहीत. मापं घेताना त्या काढायला लावल्या होत्या.

उजव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली होती. अप्पांची तशीच झिजते. दरवेळी चांभार विचारायचा, एका बाजूला कलून चालता का हो? मी बघत राहिले. तेवढ्यात डावा तळवा किंचित उचलला गेला आणि परत टेकला. बराच वेळ रांगेत उभा असलेला माणूस भार या पायावरून त्या पायावर घेतो ना, तसा.

मी नजर झटकन वर आणली. वरून खळगा मोकळा. पुन्हा खाली गेले, तर काठीचं टोक, खांबाचं बूड, आणि काही नाही. आवाजवालीला बोलावलं.

"काय दाखवायचंय?"

"काही नाही. खांब."

"छान आहे खांब," ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. "तू जेवलीस का?"

मी जेवले होते. झोपही नीट होत होती. डोळे म्हणावेत तर माझे वडील चष्मेवाले, डोळ्यांची हयगय आमच्या घरात कधी झाली नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी तर जमीन बनवते, तिच्या आत काही नसतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी घरी गेल्यावर मी आधी मागच्या खोलीत जाऊन अप्पांच्या चपला उलट्या करून पाहिल्या. टाच झिजलेली होतीच. पण तळवे ओले होते, आणि एका चपलेला गवताचं हिरवं पातं चिकटलं होतं.

"अप्पांना बाहेर नेलं होतंस?" मी नवऱ्याला विचारलं.

"कुठे बाहेर? आज त्यांनी खुर्चीच सोडली नाही."

"चपला ओल्या आहेत."

"बाथरूममध्ये गेले असतील." त्याने थोडा विचार केला. "पायरी एक, फरशी पुसणे. पुसतो मी."

अप्पा पाइपकडे बघत म्हणाले, "खाली बरं आहे. वारा लागत नाही."

६

गुरुवारी मुदतसाहेबांनी माझ्या खुर्चीचा ताबाच घेतला. "तुमचा तो नियमच काढून टाका. घंटा राहू दे शोभेला. लोकांना थांबायला आवडत नाही."

नियम काढणं म्हणजे एक खूण पुसणं. पुसली. पलीकडच्या खोलीतून आरडाओरडा झाला. मंडळी इतके दिवस तुंबली होती, आता चेंडूमागून चेंडू हाणू लागली. टेकाडावरून चेंडू उडत होते आणि पलीकडे पडत होते. पडल्याचा आवाज आवाजवालीने फार सुरेख केलाय, ओल्या गवतावर धप्प. ती मात्र कानावरचे हेडफोन अर्धवट काढून बसली होती.

"मधूनच वेगळा का येतोय?" ती म्हणाली.

"काय वेगळा?"

"गवताचा नाही हा. काहीतरी मऊ लागतंय मध्ये. मी असा आवाज केलेलाच नाही."

फोन वाजला. घरून होता.

"घाबरू नकोस," नवरा म्हणाला, म्हणजे घाबरायचं कारण होतं. "अप्पा कशाला तरी चुकवल्यासारखे करताहेत. डोक्यावर हात घेतात, खाली वाकतात. आणि त्यांना लागलंय गं. कुठे लागलं, कळत नाही. मी समोरच बसलो होतो."

मी पर्स उचलली आणि निघाले. घरी अप्पा खुर्चीत अंगाची जुडी करून बसले होते. सदरा वर करून पाहिलं. खांद्यावर एक वळ, पोटरीवर एक, कानामागे एक. काळेनिळे, गोल, आणि प्रत्येक गोलावर बारीक बारीक खळ्यांची जाळी, गोल्फच्या चेंडूवर असते तशी. डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले, या वयात कातडी नाजूक होते, पलंगाच्या कडेला लागलं असेल. आमच्या पलंगाला अशी कड नाही. पण मी तरी त्यांना काय सांगणार होते? माझं मलाच कळत नव्हतं.

मी ऑफिसात फोन करून आवाजवालीला म्हटलं, "नियम परत लाव. आत्ता लाव. मुदतला सांग, माझी चूक झाली म्हणून."

तिने कारण विचारलं नाही. पाच मिनिटांत अप्पांनी डोक्यावरचे हात खाली घेतले.

७

शुक्रवारी सगळ्यांच्या आधी जाऊन मी जे केलं ते मला अजून पूर्ण पटवून सांगता येत नाही. नियम राहिला तर घंटेची वाट पाहायची. घंटा वाजली म्हणजे खळग्यातला माणूस पुढे निघून गेला. तो मला जाऊ द्यायचा नव्हता. मग दोरीच हाताला लागली नाही तर?

अप्पांच्या हाताचं माप माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. हात पूर्ण वर केला तर बोटं कुठवर पोचतात, ते माझ्या फाइलमध्येच आहे. मी खांब तेवढाच ठेवला आणि दोरी वर घेतली. टाचा उंचावल्या तरी बोटांच्या जराशी वर राहील इतकीच. कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतंच ते. मुदतसाहेबांना सांगितलं, बिघाड सापडतोय, सोमवारपर्यंत द्या. ते जे बोलले ते इथे लिहीत नाही.

शनिवारी सकाळी अप्पांच्या खोलीत चहा घेऊन गेले, तर ते खुर्चीच्या दांड्याला धरून उभे होते आणि उजवा हात वर ताणलेला. बोटं हवेत काहीतरी चाचपत होती. बसवलं, तर पुन्हा उठले. दिवसभर तेच. घास भरवायला गेलं तर मान फिरवायचे. दंड थरथरायला लागला, तरी हात खाली येईना. नवरा त्यांचा कोपर धरून उभा राहायचा.

रविवारी दुपारी मी त्यांच्याजवळ खाली बसले. ते मध्येच भानावर आले. नजर पाइपवरून माझ्यावर आली.

"चिमे, मागे कोण आहे गं?"

"कोणाच्या मागे?"

"माझ्या. कोणीतरी खोळंबलंय. मला दिसत नाही, टेकाड मध्ये येतं. पण आहे कोणीतरी. कधीची मंडळी थांबलीत." त्यांचे डोळे भरले. "हात पुरत नाही. परवापर्यंत पुरत होता. कोणी वर नेली कोण जाणे."

मला रडू आवरेना. "मीच आहे मागे, अप्पा. दुसरं कोणी नाही."

"तू आहेस?" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग आधी नाही का सांगायचं? तुझं काम अडलंय का माझ्यापायी?"

"नाही. काही अडलं नाही. मला मुळीच घाई नाही. तुम्ही सावकाश करा, हवा तितका वेळ लावा."

ते माझ्याकडे निरखून पाहू लागले. दुकानात काही गिऱ्हाइकं फळ्यावरची अक्षरं पाठ करून यायची, चष्मा लागू नये म्हणून. धडाधड म्हणून दाखवायची. अप्पा काही बोलायचे नाहीत, नुसते असेच निरखायचे, आणि मग हळूच एकच वाक्य म्हणायचे.

"पाठ करून आलीयस," ते म्हणाले.

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्यांनी दुखऱ्या हाताने माझे केस थोपटले. थोड्या वेळाने तो हात उचलला गेला आणि पुन्हा वर चाचपू लागला.

८

सोमवारी सकाळी निघताना मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले. नवरा त्यांच्यापाशी स्टूल घेऊन बसला होता.

"येते, अप्पा."

"हो," ते म्हणाले, "मीही येतो."

ऑफिसात मंडळी यायची होती. फक्त आवाजवाली होती, तिने चहाचा दुसरा कप माझ्या टेबलावर ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसली. मी खळगा उघडला. खऱ्या जागेचे फोटो शेजारी लावले. खऱ्या घंटेची दोरी चांगली खाली असते, माणसाला सहज धरता येईल अशी, गाठ छातीपाशी. मी दोरी हळूहळू तिथवर आणली. फोटोशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. मग हात मांडीवर ठेवून बसले.

मंडळी आली, मुदतसाहेब आले. पलीकडच्या खोलीत खेळ लागला. "पुढे कोणी आहे, थांबा." कोणीतरी वैतागून काहीतरी बोललं.

आणि घंटा वाजली.

जाडसर, ओलसर, एकच ठोका. तो पलीकडच्या खोलीतून आला, की पडद्यातून, की कुठून, मला सांगता येणार नाही. पलीकडे जल्लोष झाला. "गेलं! अक्षरं गेली!" मुदतसाहेब टाळ्या वाजवत माझ्याकडे यायला निघाले. आवाजवाली हेडफोन हातात धरून उभी राहिली होती.

"मी घंटेला आवाज लावलेलाच नाही अजून," ती म्हणाली.

मी नजर टेकाडावरून पलीकडे नेली. दोरी हलत होती. तिच्यापुढे पुढच्या चौथऱ्याकडे जाणारी पायवाट आहे. मी तिचं फक्त तोंड बनवलंय, पुढे नुसतं धुकं टाकलंय, कारण तिथवर कोणी जाणार नव्हतं. त्या धुक्याच्या तोंडाशी कोणीतरी पाठमोरं चाललं होतं. हात मागे बांधलेले. राखाडी नव्हतं ते. अंगात सदरा होता, आणि चाल जराशी कललेली. मी जवळ जायला बघितलं तोवर धुकंच उरलं.

यादी उघडली. अप्पांचं नाव त्यात नव्हतं. शेवटचं काम म्हणून जे ठेवलं होतं, ते करायची गरजच पडली नव्हती.

टेबलावर माझा फोन थरथरायला लागला. पडद्यावर 'घर' अशी अक्षरं होती. तो थरथरत थरथरत चहाच्या कपाला जाऊन टेकला.

"अगं, फोन घे ना," आवाजवाली म्हणाली. "घरून आहे."

"थांबू दे जरा," मी म्हटलं.